वाट मोकळी करणारा माणूस

प्रस्तावना

सैन्यातून निवृत्त झालेले एखादे आजोबा तुमच्या ओळखीचे असतील. बेंगळुरूच्या राजाजीनगरात असोत, पुण्याच्या खडकीत असोत, साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावी असोत किंवा कारवारच्या किनाऱ्यावर असोत. मराठी बोलणाऱ्या अनेक कुटुंबांत असे वडीलधारे आढळतात. प्रजासत्ताक दिनी आपण त्यांना ध्वजवंदनासाठी आदराने बोलावतो. एरवी मात्र ते घरातले आजोबा असतात : नातवंडांना शाळेत सोडणारे, पेन्शनची कागदपत्रे नीट जपून ठेवणारे, रात्रीच्या बातम्या न चुकता ऐकणारे.

अशी व्यक्ती निवर्तल्यावर तिच्याविषयी चार शब्द लिहावयाचे झाले, की लेखणी अडते. ‘ते शूर होते. ते कुटुंबवत्सल होते.’ या दोन वाक्यांपुढे मजकूर सरकत नाही. ही वाक्ये खोटी नसतात. पण ती कोणाविषयीही लिहिता येतात, म्हणून त्यांतून माणूस दिसत नाही. माणूस दिसतो तो तपशिलांतून : त्याने कोणते काम केले, कसे केले, किती वेळ केले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, यांतून.

या पाठात मेजर रामा राघोबा राणे (१९१८–१९९४) यांच्या जीवनाचे स्मरण केले आहे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले सैनिक होत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- मेजर राणे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे क्रमाने सांगणे;
- युद्धातील अभियंता सैनिकाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे;
- नोंदलेली माहिती व सांगोवांगीची हकीकत यांतील फरक ओळखणे;
- सैनिकी जीवनाशी संबंधित मराठी शब्दांचा अर्थ समजून घेऊन त्यांचा वापर करणे;
- एखाद्या परिचित वृद्ध व्यक्तीविषयी स्मरणलेख लिहिणे.

मूळ पाठ

१. चेंडियाचा मुलगा

कारवारजवळ चेंडिया नावाचे गाव आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला सह्याद्रीचे डोंगर, यांच्यामध्ये ही चिंचोळी किनारपट्टी पसरलेली आहे. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा या भागात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आल्या. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना होईपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले.

या चेंडिया गावी २६ जून १९१८ रोजी रामा राघोबा राणे यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात शिपाई होते. नोकरीत बदल्या वारंवार होत. त्यामुळे मुलाचे शिक्षण आज एका शाळेत, तर उद्या दुसऱ्या शाळेत, असे तुटक होत राहिले. १९३० च्या सुमारास देशभर स्वातंत्र्यचळवळीचे वारे वाहत होते. बारा वर्षांचा रामाही तिच्याकडे ओढला गेला. सरकारी नोकरीतल्या वडिलांना ही गोष्ट काळजीची वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी कुटुंब पुन्हा चेंडियाला आणले.

पुढे दहा वर्षांनी हाच मुलगा इंग्रज सरकारच्या फौजेत भरती झाला. वरवर पाहता यात विसंगती दिसते. तथापि त्या काळी असंख्य तरुणांच्या मनात देशप्रेम आणि पोटापाण्याची चिंता या दोन्ही गोष्टी एकत्र वसत होत्या. ज्या फौजेत ते शिरले, तीच पुढे स्वतंत्र भारताची फौज होणार होती.

२. रंगरूट ते अधिकारी

१० जुलै १९४० रोजी राणे ‘बॉम्बे इंजिनिअर्स’ या अभियंता दलात दाखल झाले. या दलाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे. दुसरे महायुद्ध सुरू होते. प्रशिक्षणाच्या काळात ते आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरले आणि लवकरच त्यांना नाईक हा हुद्दा मिळाला.

अभियंता दलाचे काम काय असते, हे येथे समजून घेतले पाहिजे. पायदळाचा शिपाई लढतो. तोफखाना मारा करतो. पण त्यांना पुढे जाण्यासाठी रस्ता लागतो, नदी ओलांडण्यासाठी पूल लागतो. शत्रूने जमिनीत पुरलेले सुरुंग कोणीतरी आधी जाऊन काढावे लागतात. माघार घ्यावी लागली, तर शत्रूच्या हाती काही पडू नये म्हणून मागे राहून पूल व साठे नष्ट करावे लागतात. थोडक्यात, चढाईत सर्वांच्या पुढे आणि माघारीत सर्वांच्या मागे असणारे हे दल. ‘सर्वत्र’ हे या दलाचे बोधवाक्य आहे. जुन्या मराठीत या सैनिकांना ‘सफरमैना’ म्हणत.

राणे यांची नेमणूक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाली. जपानी फौजांशी लढणाऱ्या २६ व्या डिव्हिजनमध्ये ते होते. अराकान प्रदेशातून ही डिव्हिजन मागे हटली, तेव्हा बुथिडौंग येथील दारूगोळा व सामग्री नष्ट करण्यासाठी ज्यांना मागे ठेवले, त्यांत राणे होते. काम झाल्यावर नौदलाच्या जहाजाने त्यांना परत न्यावयाचे होते. परंतु तसे घडले नाही. जपानी सैनिकांची गस्त असलेली नदी त्यांनी स्वतःच पार केली आणि ते आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. त्यानंतर ते हवालदार झाले, पुढे जमादार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून अधिकारपद मिळाले. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंतची ही पायरी चढण्यास त्यांना साडेसात वर्षे लागली.

पाठगत प्रश्न – १

(अ) राणे यांचे शालेय शिक्षण तुटक का झाले?
(आ) अभियंता दलाचे बोधवाक्य कोणते?
(इ) बुथिडौंग येथे राणे यांना कोणत्या कामासाठी मागे ठेवले होते?

३. नौशेरा ते चिंगस : चार दिवस

ऑक्टोबर १९४७ मध्ये जम्मू-काश्मीरवर आक्रमण झाले. नोव्हेंबरमध्ये राजौरी हे गाव आक्रमकांच्या ताब्यात गेले. ते मुक्त करण्यासाठी एप्रिल १९४८ मध्ये भारतीय फौजांनी नौशेऱ्याहून उत्तरेकडे कूच केले.

हा मार्ग फार जुना आहे. मुघल बादशाह काश्मीरला जात ते याच वाटेने, आणि वाटेवरील चिंगस येथे त्या काळातली सराई आजही उभी आहे. पण १९४८ च्या एप्रिलमध्ये हा रस्ता जवळजवळ नाहीसा झाला होता. डोंगराच्या कडेने सापासारखा वळत जाणारा तो रस्ता शत्रूने ठिकठिकाणी उद्ध्वस्त केला होता. मोऱ्या उडवल्या होत्या, भराव ढासळवले होते, चिडाची मोठमोठी झाडे तोडून आडवी टाकली होती आणि त्यांच्याभोवती सुरुंग पेरले होते. वरच्या टेकड्यांवर मशीनगन रोखलेल्या होत्या. रस्ता नसेल तर रणगाडे पुढे जाणार नाहीत आणि रणगाडे अडले तर त्यांच्या आधाराने चालणारी फौजही अडेल, हे उघड होते. सुरुंग आणि अडथळे दूर करणाऱ्या पथकाचे नेतृत्व एकोणतीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे सोपवण्यात आले.

८ एप्रिल. सकाळी ११ वाजता राणे आणि त्यांचे सहकारी रणगाड्यांजवळ थांबले होते. काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा जोरदार मारा सुरू झाला. दोन जवान जागीच ठार झाले. पाच जण जखमी झाले; त्यांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची लगेच नव्याने जुळणी केली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास डोगरा पलटणीने बरवाली टेकडीचा कडा काबीज केला. शत्रू परिसरातून पुरता हटलेला नाही, हे ठाऊक असूनही राणे पथकासह पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणाचा रस्ता तयार करू लागले. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, हे काम चालले.

९ एप्रिल. पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला वळणाचा रस्ता तयार झाला. रणगाडे निघाले, तेव्हा राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा आला. ते उतरले, सुरुंग लावून झाडे उडवली आणि पुन्हा गाडीत बसले. तीनशे यार्डांवर तोच प्रकार. त्यापुढे उडवलेली मोरी. तेथे काम सुरू होण्यापूर्वीच गोळीबार सुरू झाला, तरी बाजूने वाट काढून रणगाडे पुढे नेण्यात आले. सव्वासहाला उजेड मावळू लागला आणि पाच प्रचंड झाडांचा, सुरुंगांनी वेढलेला अडथळा समोर आला. राणे यांनी सुरुंग काढावयास घेतले. पण परिस्थिती पाहून रणगाडा दलाच्या प्रमुखांनी रात्रीपुरता मुक्काम करण्याचे ठरवले.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला, अंधारातच, राणे त्या पाच झाडांपाशी परतले. साडेसहाला अडथळा दूर झाला. पुढचा हजार यार्डांचा पट्टा म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. साडेदहापर्यंत तोही मोकळा झाला. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. येथे राणे यांचे काम संपले, असे कोणालाही वाटले असते. पण मागून अन्नधान्य, दारूगोळा आणि औषधे घेऊन येणारी वाहने नदीच्या पात्रातून जाऊ शकत नव्हती. त्यांना रस्ताच हवा होता. राणे अन्न आणि विश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले.

११ एप्रिल. पुन्हा पहाटे सहा. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहनांसाठी खुला झाला. त्यानंतरही रात्री दहापर्यंत पुढच्या रस्त्याचे काम चालू होते. १२ एप्रिल १९४८ रोजी भारतीय फौज राजौरीत पोहोचली.

राणे यांच्याविषयी आणखी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. सुरुंग पेरलेल्या एका भागात ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि रणगाड्याच्या गतीने रांगत पुढे सरकू लागले. चालकाला थांबण्याची व निघण्याची खूण ते दोरी ओढून देत होते. ही हकीकत त्यांच्या सन्मानपत्रात नाही. सन्मानपत्रात आहेत त्या वर दिलेल्या वेळा : केव्हा सुरू केले आणि केव्हा थांबले. रणगाड्याखालचे दृश्य मनात भरते खरे. पण त्या वेळांची यादी शांतपणे वाचली, तर तिच्यातील धैर्य अधिक खोल वाटते. जिवावर उदार होऊन क्षणभर पुढे झेपावणे कठीण असते. जखमी देहाने चार दिवस, रोज पहाटे उठून, त्याच धोक्यात पुन्हा जाणे आणि तेथे हात न थरथरता बारकाईचे काम करणे त्याहून कठीण असते.

४. चक्र

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. राणे यांना ८ एप्रिल १९४८ च्या कामगिरीसाठी हे चक्र जाहीर झाल्याची राजपत्रातील नोंद २१ जून १९५० ची आहे. १९४७-४८ च्या युद्धासाठी हे चक्र पाच जणांना मिळाले. त्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर दिले गेले. राणे आणि लान्स नाईक करम सिंग हे दोघेच ते स्वतः स्वीकारण्यासाठी हयात होते.

या पदकाची घडण सावित्री खानोलकर यांनी केली. त्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झाल्या. कांस्याच्या या पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र कोरले. दधीची ऋषींनी लोककल्याणासाठी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांपासून वज्र घडले, या कथेचा आधार त्यामागे आहे.

पाठगत प्रश्न – २

(अ) रणगाडे चिंगसला पोहोचल्यावरही राणे यांनी काम का थांबवले नाही?
(आ) कोणती हकीकत सन्मानपत्रात आढळत नाही?
(इ) परमवीर चक्रावर कशाची आकृती आहे?

५. घर आणि उत्तरायुष्य

चक्र जाहीर झाले, तेव्हा राणे एकतीस वर्षांचे होते. यापुढे त्यांचे चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य होते. चरित्रे बहुधा येथे थांबतात. माणूस मात्र थांबत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा कवायतीला जावे लागते.

राणे सैन्यात राहिले. १९५५ साली त्यांचा विवाह झाला आणि संसार सुरू झाला. सैनिकाचा संसार हा इतरांच्या संसारापेक्षा निराळा असतो. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड आवरावयाचे. जेथे कुटुंबाला नेता येत नाही, तेथे एकट्याने जावयाचे. मुलांची आजारपणे, शाळेतले प्रवेश, सासू-सासऱ्यांची सेवा आणि महिन्याचा हिशेब यांचा भार अशा वेळी पत्नीवर पडतो. पतीच्या छातीवर पदक झळकते. घरातली ही कामगिरी कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध होत नाही. वडिलांच्या बदल्यांमुळे ज्यांचे स्वतःचे बालपण या शाळेतून त्या शाळेत गेले, त्या राणे यांना बदलीच्या नोकरीतील घराची किंमत ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे?

आपल्या सेवाकाळात युद्धवृत्तांतांमध्ये त्यांचा गौरवपूर्ण उल्लेख पाच वेळा झाला. १९६८ साली, सुमारे अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर, ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही पुनर्नियुक्ती स्वीकारून काही काळ ते सैन्याच्याच कामात राहिले. ज्या पुणे परिसरात ते रंगरूट म्हणून आले होते, त्याच पुण्यात त्यांच्या आयुष्याची अखेर झाली. ११ जुलै १९९४ रोजी तेथील लष्करी कमांड रुग्णालयात, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व मुले असा परिवार होता.

६. स्मरण

राणे हयात असतानाच, १९८४ साली, भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. ते जहाज आता सेवेत नाही. २००६ साली कारवारच्या रवींद्रनाथ टागोर समुद्रकिनाऱ्यावर, ‘चपळ’ या जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांची नावे देण्यात आली. त्यांतील एक बेट राणे यांच्या नावाचे आहे. राजौरीत १३ एप्रिल हा दिवस राजौरी दिन म्हणून पाळला जातो.

पुतळा, जहाज आणि बेट ही स्मरणाची मोठी साधने होत. पण ८ एप्रिलच्या सकाळी ठार झालेल्या त्या दोन जवानांची नावे राणे यांच्या सन्मानपत्रात नाहीत. ‘दोन जण’ एवढाच त्यांचा उल्लेख आहे. त्यांचीही घरे होती, त्यांच्याही वाटेकडे कोणी डोळे लावून बसले असेल. राणे यांना पुढे जी सेहेचाळीस वर्षे मिळाली, ती त्या दोघांना मिळाली नाहीत. एका शूराचे स्मरण करताना त्याच्या शेजारी पडलेल्यांचीही आठवण ठेवणे, हे त्या शूराला मानवंदना देण्याइतकेच आवश्यक आहे.

राणे यांच्या हातून घडलेल्या कामाचे वर्णन एका वाक्यात करता येते : त्यांनी इतरांसाठी वाट मोकळी केली. रणगाडे पुढे गेले, रसदीची वाहने गेली, फौज राजौरीत शिरली. वाट करून देणारा मात्र वाटेवरच राहून पुढचा दगड बाजूला करीत होता. घराघरांतील वडीलधाऱ्यांचे कामही बरेचसे असेच असते. मुले पुढे जातात आणि रस्ता मुळात इतका गुळगुळीत नव्हता, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ते ध्यानात आणून देणे, हेच स्मरणाचे प्रयोजन.

चला, समजून घेऊ या

या पाठात शौर्याची विशेषणे कमी आणि वेळा, अंतरे व कामे जास्त आहेत. ‘पहाटे पावणेपाचला, अंधारातच, राणे त्या पाच झाडांपाशी परतले’ हे वाक्य पाहा. यात ‘शूर’ हा शब्द नाही; तरीही शौर्य कळते. आदल्या संध्याकाळी अर्धवट राहिलेले काम माणसाच्या मनातून रात्रभर गेले नव्हते, असेही त्यातून जाणवते.

रणगाड्याखालच्या हकीकतीपूर्वी ‘सांगितली जाते’ हे शब्द आले आहेत. नोंदलेली माहिती आणि ऐकीव माहिती यांची सरमिसळ होऊ नये, यासाठी असा शब्दप्रयोग केला जातो. ऐकीव गोष्ट लिहिण्यास हरकत नसते. ती ऐकीव आहे, एवढे वाचकाला कळले पाहिजे.

शब्दार्थ

रंगरूट – सैन्यात नव्याने भरती झालेला शिपाई
सफरमैना – रस्ते, पूल, सुरुंग यांचे काम करणारे सैनिक
जमादार – सुभेदाराखालचा हुद्दा. १९६५ पासून ‘नायब सुभेदार’
मोरी – रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेली वाट
भराव – माती व दगड भरून उंच केलेला रस्त्याचा भाग
उखळी तोफ – गोळा उंच फेकून जवळच्या लक्ष्यावर टाकणारी आखूड तोफ
रसद – सैन्याला पुरवण्याचे अन्नधान्य व साहित्य
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेले

भाषाभ्यास

(१) मराठीने परभाषांतील अनेक सैनिकी शब्द आपल्या वळणाने घडवले. इंग्रजीतील ‘रिक्रूट’ मराठीत ‘रंगरूट’ झाला. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या शब्दसमूहाचा ‘सफरमैना’ झाला. फौज, हवालदार, जमादार, कूच, रसद हे शब्द फारसी-अरबीतून आले. पाठातील अशा चार शब्दांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

(२) पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : वाटेकडे डोळे लावून बसणे, जिवावर उदार होणे, मनात भरणे, ध्यानात येणे.

(३) ‘पुन्हा पहाटे सहा.’ या वाक्यात क्रियापद नाही. असे अपूर्ण वाटणारे वाक्य योजल्याने कामातील सातत्य ठळक होते. पाठातून असे आणखी एक वाक्य शोधा.

लेखनकौशल्य : स्मरणलेख

स्मरणलेख लिहिताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. व्यक्तीचे जन्मगाव, शिक्षण, काम व कुटुंब यांची माहिती घरच्यांना विचारून निश्चित करा. साले आणि नावे कागदपत्रांवरून पडताळा. तिच्या आयुष्यातील एक प्रसंग निवडून तो क्रमाने, बारकाव्यांसह सांगा. मोठ्या घटनेइतकेच रोजच्या सवयींनाही स्थान द्या. तिच्या कामात साथ देणाऱ्यांचा उल्लेख करा. विशेषण लिहिण्यापूर्वी ‘हे कशावरून?’ असे स्वतःला विचारा आणि त्याचे उत्तरच लिहा.

आपण काय शिकलो?

- रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मले आणि शिपायापासून मेजरपर्यंत पोहोचले.
- एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी चार दिवस नौशेरा–राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर केले.
- धैर्यात सहनशीलता, कौशल्य आणि सातत्य यांचा वाटा मोठा असतो.
- सैनिकाच्या जीवनात त्याच्या कुटुंबाचा आणि सहकाऱ्यांचाही भाग असतो.

पाठान्त प्रश्न

१. अभियंता दल ‘चढाईत सर्वांच्या पुढे आणि माघारीत सर्वांच्या मागे’ असते, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. १० एप्रिल १९४८ या दिवसाचा वृत्तान्त तुमच्या शब्दांत आठ ते दहा ओळींत लिहा.
३. ‘चरित्रे बहुधा येथे थांबतात, माणूस मात्र थांबत नाही.’ या विधानाचा आशय सांगा.
४. सन्मानपत्रात नावे नसलेल्या दोन जवानांचा उल्लेख पाठात का केला असावा?
५. पाठाच्या शीर्षकाची समर्पकता पटवून द्या.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या निवृत्त सैनिकाला, अथवा त्यांच्या पत्नीला, भेटा. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी ऐका. पहिला प्रश्न लढाईविषयी न विचारता, ‘घरून पहिले पत्र केव्हा आले?’ असा विचारा. ऐकलेल्या आठवणींच्या आधारे दोनशे शब्दांचा लेख लिहा आणि तो त्यांना वाचून दाखवा. आपली आठवण आपल्यादेखत लिहिली गेलेली पाहण्याचा आनंद फार थोड्यांना मिळतो.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वडिलांच्या नोकरीत वारंवार बदल्या होत असल्यामुळे. (आ) सर्वत्र. (इ) दारूगोळा व सामग्री नष्ट करण्यासाठी.

२. (अ) रसदीच्या वाहनांना नदीच्या पात्रातून जाता येत नव्हते. त्यांना रस्ता हवा होता. (आ) रणगाड्याखाली रांगत जाऊन दोरीने खुणा केल्याची. (इ) इंद्राच्या वज्राची.